पंच क्रमांक दोन

उत्तम शुक्रवारच्या आधी पाळकांनी भाग वाटून दिले.
पिलात: निवृत्त तलाठी तायडे काका,
आवाज भारदस्त, कागद हातात धरायची सवय.
दासी: रूथ, नववीतली.
कयफा व्हायला कुणी तयार होईना, शेवटी पाळकच झाले.
मला, मोटारी भरणाऱ्या माणसाला,
एकच ओळ.
चिठ्ठीवर लिहिलेलं: साक्षीदार दोन.

नाव काय याचं, मी विचारलं.
पाळक म्हणाले, नाव कुणी लिहून ठेवलं नाही.
बोलण्याचा मेळ बसला नाही, एवढंच आहे.

माझं मात्र आहे.
पंचनाम्याच्या तळाशी, निळ्या शाईत, बापाच्या नावासकट:
वय एकेचाळीस, धंदा मोटार वायंडिंग.

अडाण नदीच्या काठी दिलचंद पवारचं पाल होतं.
जमादारानं ताडपत्री उचलली, खाली
तीन एचपीची मोटार.
त्याची बायको चूल सोडून उभी,
कडेवरचं पोर माझ्याकडे बघून हसत होतं.
दिलचंद म्हणाला, मोल देऊन घेतली साहेब.
पुन्हा म्हणाला.
तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

"सरपंचाचीच नं हे? तूच भरली होती नं?"

मी झाकण काढलं.
मी तार भरतो ती गाठ आत दडवून,
वर पिवळ्या सुताचे तीन वेढे.
हिला लाल सूत होतं. गाठ बाहेर, ढिली,
दिग्रसकडच्या कुणाच्या तरी हातची.
आपला हात माणूस अंधारातही ओळखतो.

मी म्हणालो, असेल.

आहे म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.
मराठीत या दोहोंच्या मधोमध
एक शब्द बसायला ठेवलेला आहे,
सावलीतल्या बाकासारखा.
मी त्यावर बसलो. जमादारानं लिहिताना
"असेल"चं "असल्याचे ओळखले" केलं
आणि मी सही केली.
मग हातपंपावर हात धुतले, ग्रीसचे.
त्यात दुसरा काही अर्थ नव्हता.
तेव्हा.

अकरा महिने तो यवतमाळच्या जेलात.
दारव्ह्याच्या कोर्टात माझा पुकारा झाला तोवर
पंच क्रमांक एक मरून गेला होता.
वकिलानं विचारलं, मोटार कशावरून ओळखली?
मी म्हणालो, आठवत नाही.
पुराव्याअभावी निर्दोष.
म्हणजे दिलचंद सुटला तो खऱ्यानं नाही,
माझ्या दुसऱ्या खोट्यानं.
पाल तोवर उठलं होतं. पोर कुठे, विचारलं नाही.

आमच्याकडे कोंबडा लागत नाही.
रात्री दोनला शेतीची लाईन येते
आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम बोलू लागतात.
त्यातल्या निम्म्या मी भरलेल्या.
मी उठून बसतो.

शुक्रवारी देवळात पंखे बंद, बाहेर चव्वेचाळीस.
पिलातानं विचारलं, सत्य म्हणजे काय,
आणि उत्तराला न थांबता चष्मा पुसू लागला.
माझी ओळ त्याच्याही आधी येऊन गेली होती.
मी ती नीट वाचली. अडखळलो नाही.
मग सगळी मंडळी मिळून ओरडली, खिळा त्याला,
म्हाताऱ्या, पोरंसोरं,
रूथ सगळ्यांत मोठ्यानं, कारण पाळकांनी सांगितलं होतं
मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

शनिवारी दुकान उघडलं तर पायरीवर दिलचंद.
केस पांढरे. मांडीवर टेबल फॅन, जळका वास.
राम राम नाही, शिवी नाही.
फॅन काउंटरवर ठेवून म्हणाला,
"जुना हाय. तुह्याच हातचा हाय म्हणे.
पाह्यतं का, वळखतं का?"

मी मागचं झाकण उघडलं.
पिवळं सूत. तीन वेढे.
त्यानं मान वाकवून पाहिलं, मग माझ्याकडे.

आहे, मी म्हणालो. माझंच आहे.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग खिशातून विडी काढली, पेटवली नाही.
"कवा देतं?"